भारंगीची रोपं

अंधेरी पूर्व
२२ सप्टेंबर २०२५

प्रिय दीप्ती,

कशी आहेस? मानखुर्दची नवी शाळा मानवली का? इकडे सहामाहीचे पेपर काढणं चालू आहे. प्रयोगशाळेतला पंखा अजून तसाच कुरकुरतो.

तू गेल्यावर सातवीचं विज्ञान माझ्याकडे आलं, हे दिशाने सांगितलं असेलच. माझी लेक मला चोरून तुला फोन करते, ते मला कळतं.

जुलैत तू मुलांना आरेच्या जंगलात नेलंस. दिशा चिखलाच्या बुटांसकट घरात शिरली ती बोलतच. घाणेरीचं झुडूप परदेशातून आलेलं, रानमोडीही बाहेरचीच, ती पसरली की गुरांना चारा उरत नाही, तिथल्या पाड्यावरच्या सोनूबाईंनी सगळं दाखवलं. जेवण होईपर्यंत ‘दीप्ती टीचर म्हणतात’ एवढंच ऐकत होते. बावीस वर्षं मी विज्ञान शिकवते गं. पोरीने मला कधी एका पानाचं नाव विचारलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात म्हटलं, आपणही दाखवू. वर्ग शाळेच्या मागे नेला. कुंपणालगत दातेरी पानांची रोपं होती. “हीच रानमोडी. उपटा!” मुलं तुटून पडली. प्रांजल म्हणाला, “टीचर, पण ही तर दीप्ती टीचरनी...” मी त्याला गप्प केलं. दिशा एकटी हात मागे बांधून उभी होती.

घरी आल्यावर म्हणाली, “आई, ती भारंगी होती. सोनूबाईंनी दिलेली. आपल्याच रानातली.”

“मग तिथेच का नाही बोललीस?”

“सगळ्यांसमोर तुझी वाट लागली असती ना.”

दरवर्षी पावसाळ्यात मी बाजारातून भारंगीची जुडी आणून भाजी करते. उभं रोप कधी पाहिलंच नव्हतं.

लेकीने मला सांभाळून घेतलं, आणि मी तुझ्याशी काय वागले? जुलैतल्या त्या सहलीत प्रांजलच्या हातावर गाजरगवताने पुरळ उठलं, त्यावर मुख्याध्यापिकांकडे आलेलं ते निनावी पत्र कुठल्या पालकाचं नव्हतं. मी लिहिलं होतं. तू हातमोजे दिले होतेस, त्यानेच ते काढून टाकले, हे दिशाकडून मला आधीच कळलं होतं. तरी लिहिलं. सहली बंद झाल्या आणि तू राजीनामा दिलास.

दिशाला शनिवारी सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. आज मुख्याध्यापिकांना सगळं लेखी दिलं. चौकशी होईल म्हणाल्या. तुला परत बोलावणार आहेत.

माफी मागते, दीप्ती. पण आता आणखी खोटं नको. तू आलीस की मुलं तुझ्याच मागे धावतील. तुझ्या तासाला दिशा हसेल, ते मला शेजारच्या वर्गात ऐकू येईल आणि माझा जीव पुन्हा जळेल.

तरी ये.

नलिनी