वीस तारखेचा गुडघा

२१ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. दोन पानांत तब्येत, हवा, पावाच्या कारखान्यातली नवी भट्टी, सगळं आहे आणि बास्केटबॉलबद्दल चकार शब्द नाही. अरे, तुझ्या वहिनीने बंदी घातली ती फोनवर. मागच्या वर्षी आपण एकमेकांवर ओरडून दोन महिने अबोला धरला, म्हणून. पत्राला बंदी नाही. उलट तिचं म्हणणं, लिहिताना माणूस शिवी खोडतो. तेव्हा लिही. खोड हवं तर, पण लिही.

तर अंतिम मालिका आपल्या निळ्यांची आणि त्या लालांची. लाल म्हणजे आता तुझ्या गावचे. कंपनीने बदली केली हे मान्य, पण पावाचे कारखाने काय जगात दुसरीकडे नव्हते? आणि लालांकडून खेळणार कोण, तर आपला लाडका खेळाडू शिडी! अकरा वर्षं ज्याला आपण डोक्यावर घेऊन नाचलो तोच. मागच्या उन्हाळ्यात आपल्या गावात गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं आणि धड चालायला लागला नाही तोच लालांकडे सही केली. म्हणे, नवं आव्हान हवं होतं. आव्हान हवं होतं तर माझ्या चष्म्याच्या दुकानात ये की बाबा. एखाद्या आजीबाईंना दुहेरी भिंग पटवून दाखव.

उपांत्य फेरीचा शेवटचा सामना आपल्या नेहमीच्या जागेवरून पाहिला. शेवटची रांग, कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या. तुझ्या खुर्चीवर मी पिशवी ठेवतो, नाहीतर कुणीही येऊन बसतं. पंचाने आपल्याविरुद्ध शिट्टी मारली तेव्हा त्याच्या कपाळावरचा घाम मला स्पष्ट दिसला. मनात पाप असल्याशिवाय असा घाम येत नाही.

जाता जाता एक सांगतो. माझा उजवा गुडघा जरा कुरकुरतोय. बदलायचा म्हणतात. सर्जन तोच, ज्याने शिडीचा गुडघा केला. निळ्यांच्या गावात जन्म काढून लालांचा कट्टर भक्त! मी दुसरा शोधणार होतो, पण तुझ्या वहिनीने डोळे वटारले. कारकुनाने वीस आणि सत्तावीस जून अशा दोन तारखा पुढे केल्या. मी वीस घेतली, दुपारी चारची वेळ. मालिका आपण पाच सामन्यांत जिंकणार. चौदा तारखेला सगळा निकाल लागलेला असेल.

माया आहे तशी राहू दे, रंग तेवढा बदलू नकोस.

तुझा,
दादा


२७ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून बरं वाटलं आणि लगेच घामही फुटला. तुझ्याएवढा नाही, त्या पंचाएवढा. शेवटच्या रांगेतून चौऱ्याऐंशी पायऱ्या खाली उभ्या असलेल्या माणसाच्या कपाळावरचा घाम तुला दिसला? स्वतःलाच कुठली भिंगं लावून घेतलीस ते कळव, इथे मला भट्टीचा काटा नीट दिसत नाही.

आधी तारखेचं बोलतो. मालिका सात सामन्यांची, चार जिंकेल तो विजेता, हे तुला मी सांगायला नको. वेळापत्रक माझ्यासमोर आहे. सातवा सामना वीस जूनला संध्याकाळी सहाला, तुमच्याच मैदानावर. तुला चार वाजता आत नेणार. दादा, सत्तावीस मोकळी आहे ना? ती घे की. कशाला उगाच घोळ?

आता अजिंक्यपदांचं. इथे कारखान्यात सगळे लाल आहेत. कणीक मळायच्या यंत्रालासुद्धा लाल पट्टा बांधलाय. मी पहिल्या दिवशी सांगून टाकलं, मी निळा आहे. त्यावर पॅकिंगवाल्या बाईंनी शांतपणे विचारलं की लालांचे करंडक नऊ आणि निळ्यांचे सहा, मग निळं राहण्यात काय गंमत आहे. मी तुझं उत्तर दिलं, नऊतले चार धरायचे नाहीत, तेव्हा तीन गुणांची रेघच नव्हती. एक धरायचा नाही, कारण आपला उंच गडी आजारी होता. एकात अर्धा तास वीज गेली होती. म्हणजे उरले तीन. बाईंनी तेवढ्याच शांतपणे विचारलं की निळ्यांच्या सहापैकी दोन त्या रेघेच्या आधीचे आहेत, त्यांचं काय? दादा, तीस वर्षांत आपण हा विचार कसा केला नाही? मी पुन्हा पाव मोजायला घेतले.

गुडघा जरा कुरकुरतोय म्हणजे नक्की किती, ते लिही. कुरकुरण्यासाठी कुणी गुडघा बदलत नाही.

वहिनीला नमस्कार. रागावलास तरी पत्रातच रागाव, अबोला नको.

तुझा,
धाकटा


२ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

ते दोन करंडक वेगळे. आपले लोक तेव्हाही लांबून टाकायचे, रेघ नव्हती हा त्यांचा दोष नव्हे. पॅकिंगवाल्या बाईंना हे सांग आणि पावांकडे लक्ष द्यायला सांग.

तारीख बदलणार नाही. सत्तावीस मागायची म्हणजे लाल निदान तीन सामने जिंकतील असं मी आपल्या हाताने लिहून दिल्यासारखं. हा संघाचा अपमान आहे. काल गुडघ्याचा फोटो काढायला गेलो तेव्हा कारकुनाने पुन्हा विचारलं होतं, मी ताठ मानेने नाही म्हणालो. माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईंनी सत्तावीस लगेच घेऊन टाकली. आता यानंतरची तारीख थेट ऑक्टोबरात.

सर्जनशीही बोलणं झालं. माझ्या हाडांचा फोटो दिव्यावर धरून तो म्हणाला की वीस तारीख अगदी उत्तम आहे, मालिका पाचातच संपेल. मी म्हटलं, अगदी बरोबर. मग कळलं की तो लालांबद्दल बोलत होता. तरी आम्ही हात मिळवला. माणूस आंधळा आहे, पण आकडा बरोबर धरतो.

गुडघ्याचं तू मनावर घेऊ नकोस.

दादा


१५ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

लाल तीन, निळे दोन. पाचात संपलं नाही, दादा. हे मी आनंदाने लिहीत नाही. म्हणजे तसा थोडासा... थांब. खोडत नाही, लिहूनच टाकतो.

कालचा पाचवा सामना आम्ही कारखान्याच्या कँटीनमध्ये पाहिला. दोनशे माणसं, एक टीव्ही, आणि पिठाने माखलेल्या टोप्या. मी मागे खांबाला टेकून उभा होतो, चेहरा अगदी दगडासारखा. चौथ्या सत्रात शिडीने दोघांना चुकवून मागे झुकत जो चेंडू टाकला, तो तू पाहिलासच. अकरा वर्षं तो आपल्यासाठी टाकायचा तस्साच. दादा, माझे हात आपोआप वाजले. मला कळलं तेव्हा वाजून झाले होते. सगळी माणसं मागे वळून पाहायला लागली आणि पॅकिंगवाल्या बाईंनी मला बसायला खुर्ची दिली. एकदा असतं तर तुला सांगितलंही नसतं. तीनदा टाळ्या वाजवल्या.

तुला हे कळल्यावर तू त्या खुर्चीवरची पिशवी काढून दुसऱ्या कुणाला बसवशील, अशी भीती वाटते आहे. चाळिशी उलटलेल्या माणसाने असलं लिहू नये, पण वाटते खरी. निळा मी अजून आहेच. फक्त शिडीचा राग येईनासा झालाय. बदली माझीही झाली, मला तू परका समजलास तर कसं वाटेल, असं सारखं मनात येतं.

वीस तारखेचं काय केलंस?

रागावलास तरी माझा दादाच राहा, एवढंच मागणं.

धाकटा


१८ जून

प्रिय भाऊजी,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं, पण मी ते यांना अजून दिलेलं नाही. पाकीट फोडलेलं नाही हो. ऑपरेशनआधी रक्तदाब वाढायला नको, म्हणून कपाटात ठेवलंय.

काल निळे सहावा सामना जिंकले, तीन-तीन झाले. म्हणजे सातवा होणार, परवा, वीसला. यांना सकाळी उठल्या उठल्या खोकला सुरू झाला. असा खोकला की शेजारच्यांनी विचारपूस केली. असल्या खोकल्यात भूल देता येत नाही म्हणे, ऑक्टोबरच बरा. मी काढा करू का विचारलं तर खोकला थांबला. तेवढ्यात हॉस्पिटलमधून कारकुनाचा फोन. सर्जनसाहेबांच्या ऑपरेशनच्या खोलीतलं यंत्र अचानक नादुरुस्त झालंय, तारीख पुढे ढकलावी लागेल. मी विचारलं, कुठलं यंत्र? त्या बिचाऱ्याला यंत्राचं नावच सांगितलेलं नव्हतं.

भाऊजी, आता तुम्हाला खरं सांगते, यांनी सांगू नको म्हटलं असलं तरी. हे या अख्ख्या मोसमात एकदाही वर जाऊन बसलेले नाहीत. पहिल्या सामन्याला पंधराव्या पायरीपर्यंत गेले आणि बसत बसत खाली आले. त्यानंतर दर सामन्याला निळा शर्ट घालून, पिशवी घेऊन निघतात, मैदानासमोरच्या बागेतल्या बाकावर बसतात आणि कानाला रेडिओ लावतात. आतला आरडाओरडा तिथे ऐकू येतो म्हणतात. खालच्या रांगेत जागा घ्या म्हटलं तर नको, तिथून फक्त पाय दिसतात, खेळ दिसत नाही. आणि दोन खुर्च्या सोडल्या तर धाकट्याला वाटेल त्याची जागा गेली. तुम्हाला लिहिलेला तो पंचाचा घाम रेडिओवाल्याने सांगितलेला. घरातला जिनासुद्धा हे आता बसून उतरतात. डॉक्टरांनी बजावलंय की आणखी चार महिने थांबलात तर दुसरा गुडघाही जाईल. आणि हा माणूस ऑपरेशन टाळतोय कशासाठी, तर बागेतल्या बाकावर बसण्यासाठी! मला हसावं की रडावं कळेना. मी आधी रडले, मग साडी बदलली आणि यांना रिक्षात घातलं.

सर्जनच्या खोलीत दोघांना समोरासमोर बसवलं. यांना म्हटलं, खोका. त्याला म्हटलं, यंत्र दाखवा. दोघंही जमिनीकडे बघायला लागले. मग सर्जन हळूच म्हणाला की सातवा सामना होईल असं वाटलंच नव्हतं. हे म्हणाले, मलाही नाही. आणि तिथून जे सुरू झालं ते नऊ करंडक, सहा करंडक, रेघ आणि वीज! बाहेर पेशंट ताटकळत होते. शेवटी मी टेबलावर हात आपटून विचारलं की सकाळी सात वाजता ऑपरेशन करायला कुणाच्या बापाची हरकत आहे? हा विचार दोघांच्याही मनाला शिवला नव्हता, भाऊजी. एक माणसांना दृष्टी देतो, दुसरा त्यांना पायावर उभं करतो.

तर परवा सकाळी सात. तुम्ही काळजी करू नका, पण येता आलं तर या. स्नेह आहेच, तो वाढवायला मात्र समोर यावं लागतं.

तुमची,
वहिनी


२३ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हॉस्पिटलच्या खाटेवरून लिहितोय, अक्षर सांभाळून घे. गुडघा बसला. सामना गेला. एका गुणाने. लालांचे दहा झाले, आता त्या बाईंच्या म्हणण्याप्रमाणे रेघेआधीचे आपले दोन सोडले तर चार-चार, बरोबरीच. भुलीचा अंमल उतरत होता आणि टीव्हीवर नेमकं तेव्हाच शेवटचं मिनिट आलं, त्यामुळे मी किती रडलो याचा दोष निम्मा औषधाचा धर.

पण तो शेवटचा चेंडू! शिडीने तीन पावलं टाकली, धाकट्या. चेंडू हातात धरून तीन. दोनच चालतात हे शाळेतलं पोरही सांगेल. पंच ढिम्म.

दुसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या. उठा, उभे राहा, एक तरी पाऊल टाका. मी साफ नाही म्हटलं. दुखत होतं, आणि खरं सांगायचं तर भीती वाटत होती. उभा राहिलो आणि पाय धरलाच नाही तर? मग आयुष्यभर बाकच. तुझ्या वहिनीने विनवलं, मी भिंतीकडे तोंड केलं. दुपारी सर्जन आला, ओरडून ओरडून घसा बसलेला. माझा गुडघा बघता बघता म्हणाला, शिडीची पावलं दोनच होती. अरे, मी कसा गप्प बसणार? म्हटलं, डॉक्टर, इकडे बघा. चालायच्या आधाराचा लोखंडी घोडा धरला, उठलो आणि टाकून दाखवली. एक, दोन, तीन. तो दारापर्यंत मागे सरकला आणि म्हणाला की नीट दिसलं नाही, पुन्हा दाखवा. पुन्हा दाखवली. म्हणाला, या कोनातून नाही, व्हरांड्यातून. मी व्हरांड्यात गेलो. सहा वेळा दाखवली आणि सहाही वेळा तो लबाड दोनच म्हणाला. परत येऊन खाटेवर बसलो तेव्हा व्यायामवाल्या बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि तुझी वहिनी डोळे पुसत होती. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

संध्याकाळी तिने तुझं पत्र दिलं, आणि तुला काय काय लिहिलंय तेही सांगितलं. बाकाचं तुला कळायला नको होतं. एकट्याने वर बसायची हिंमत नव्हती असं नाही, पाय वर जात नव्हता, एवढंच. तू मात्र त्या गावात आपलं मन मारून खांबाला टेकून उभा राहिलास, हे वाचून वाईट वाटलं. तुला परका म्हणणारा मी कोण? ऑक्टोबरात नवा मोसम सुरू होतोय. चौऱ्याऐंशी पायऱ्या मी चढणार. सर्जन म्हणतो जमेल, आणि या बाबतीत त्याचा आकडा मी मानतो. तू सुट्टी काढ आणि ये. शिडी आला तर टाळ्या वाजव, तीनदा काय तीसदा वाजव. पण शेजारी बसून वाजव.

तुझा,
दादा