अठरा निबंध

सुलतानपूर, ता. मेहकर
११ फेब्रुवारी १९६८

चि. सहदेव,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र आणि सोबतचा फोटो जानेवारीतच पोहोचला. उत्तराला उशीर झाला, त्याचं कारण पुढे येईलच. आई बरी आहे. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकलाय म्हणतात, उन्हाळ्याच्या सुट्टीत बुलढाण्याला नेऊन काढून घेईन. फोटो तिनं दारातल्या उजेडात नेऊन कितीतरी वेळ पाहिला. "हे सारे पोट्टे एकसारखेच काऊन दिसतात वं?" म्हणाली. मी म्हटलं, सगळ्यांचा गणवेश एकच आहे, काळा, गळ्यापर्यंत बटणं. तू त्यांच्या मागे टाय लावून उभा आहेस. अंगानं भरलास.

माझ्याकडे यंदा चौथी आहे. हरभरा निघतोय म्हणून निम्मी मुलं शेतात.

तू विचारलंस, तुझ्या वर्गासाठी मागितलेले नवे सहा इंग्रजी निबंध अजून का आले नाहीत. सांगते. आधी तुझ्या विद्यार्थ्यांचं.

तू लिहितोस, जपानी मुलं इंग्रजी गणितासारखं सोडवतात. आधी त्यांच्या भाषेत वाक्य, मग त्याखाली एकेक इंग्रजी शब्द. व्याकरण चोख, पण स्वतःच्या मनातलं लिहा म्हटलं की हात थांबतो. मला नवल वाटलं नाही. आम्ही मॅट्रिकला आगगाडीच्या प्रवासावरचा निबंध पाठ केला होता. वर्गातल्या एकीनंही आगगाडी पाहिलेली नव्हती. सगळ्यांच्या पेपरात तीच शिट्टी, तोच फलाट, तोच हमाल.

म्हणूनच मी तुला सुचवलं होतं, त्यांना आपल्या घरातल्या माणसांवर लिहायला लाव. तू लावलंस, आणि एका मुलाचं पान मला पाठवलंस. त्याची आई मासे विकते. वाक्यं मोडकी होती, क्रियापदांचा पत्ता नव्हता. पण बर्फात हात घालून लाल झालेली तिची बोटं मला दिसली. तू त्या पानावर लाल शाईनं आडवी काट मारली होतीस आणि समासात माझ्या निबंधातलं वाक्य उतरवलं होतंस, याप्रमाणे लिही म्हणून. ते पाहून मला फार वाईट वाटलं. तेव्हा तुला कळवलं नाही.

कळवलं नाही असं आणखीही एक आहे.

डिसेंबरात एका हायस्कुलात इंग्रजीच्या शिक्षकाची जागा निघाली. नोकरी करता करता मी बी.ए. झाले, तेही इंग्रजी घेऊन, म्हटलं अर्ज करावा. मुलाखतीला संस्थेचे अध्यक्ष शेषराव आणि मुख्याध्यापक भगवानराव, असे दोघंच होते. कागद दिला, अर्धा तास दिला, म्हणाले, हव्या त्या विषयावर इंग्रजीत लिहा. मी बाबांच्या बिल्ल्यावर लिहिलं.

दुसरा विषय सुचला नाही असं नाही. पण कोर्टातले चपराशी म्हणून बाबांनी सत्तावीस वर्षं छातीवर वागवलेला तो पितळी बिल्ला दर रविवारी चिंचेनं घासायचं काम माझं होतं. त्यावर लिहिताना मला शब्द शोधावे लागत नाहीत.

भगवानरावांनी वाचलं. उठले, आणि कपाटातून संस्थेचा एक जुना वार्षिक अंक काढला. तुला शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा तुझा निबंध छापला होता, तोच. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

"बाई, हे तर तुमच्या भावाचं आहे."

"नाव त्याचं छापलंय. लिहिलं मी होतं."

शेषरावांनी चष्मा काढला. "मंग जपानले बी तुम्हीच गेल्या असान!"

दोघंही हसले. मी म्हटलं, दुसरा विषय द्या, तुमच्यासमोर लिहिते.

"राहू द्या," भगवानराव म्हणाले. "पाठांतर चांगलं असतं तुमच्या लोकांत."

तरी मी लिहिलं. त्या खोलीवरच लिहिलं, पान भरून. तेवढ्यात चहा आला आणि त्या पानावर बशी ठेवली गेली. कोणी वाचलं नाही. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. आईला मी सांगितलं, जागा भरलीच नाही.

त्यांच्यावरचा राग आठवडाभर होता. त्यानंतर जो उरला तो तुझ्यावरचा आहे, आणि माझ्यावरचाही. बाबा गेले त्या उन्हाळ्यात तू शिष्यवृत्तीचा फॉर्म घेऊन आलास. निबंध जोडायचा होता, मुदतीला दोन दिवस होते. "ताई, तू लिही, मी नुसता उतरवून काढतो." मी लिहिला. त्यात बिल्ला घासणारी मुलगी होती. ती खोडून मी मुलगा केला. हे तू सांगितलं नव्हतंस. मीच केलं, आणि मला तेव्हा आनंद झाला होता. तुला कॉलेजात जाता यावं म्हणून मी मॅट्रिकनंतर मास्तरकी धरली, तेव्हाही झाला होता. आपल्या घरातलं एक माणूस तर पुढे जाईल! पण तू जपानहूनही मागतच राहिलास. दोन वर्षांत अठरा निबंध. एकाही पत्रात विचारलं नाहीस, ताई, तू स्वतःसाठी काही लिहितेस का?

आणि तुझ्या या पत्रात, अगदी शेवटी, आईला नमस्कार सांगायच्या जरा आधी ती ओळ. "शाळा माझे निबंध पुस्तक करून छापते आहे, एप्रिलात निघेल, आणखी सहा झाले की चोवीस होतील." माझे निबंध! मी ती ओळ उजेडात धरून पाहिली. कुठे खाडाखोड नव्हती, पेन अडलेलं नव्हतं.

आधी वाटलं, तुला विनंती करावी. मग तू काय उत्तर देशील ते इथे बसूनच कळलं. ताई, घरातलंच तर आहे, नाव तुझं काय अन् माझं काय. तू गोड लिहिशील आणि मी पुन्हा गप्प बसेन. मला माझा भरवसा नव्हता.

म्हणून तुला विचारलं नाही. तुझ्या कागदावर शाळेचा पत्ता छापलेला असतो. मागच्या सोमवारी मेहकरला जाऊन तुझ्या मुख्याध्यापकांना पत्र टाकलं, रजिस्टर, हवाई डाकेनं. सोबत माझ्या हातचे कच्चे कागद जोडले, तारखांसकट. सगळे नाही, नऊ निबंधांचे. बाकीचे माझ्याजवळ आहेत. हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा ते त्यांनी वाचलेलं असेल.

त्यात तुझ्याविरुद्ध एक शब्द नाही. हे निबंध मी लिहिले आहेत, छापायचे असतील तर माझ्या नावानं छापावेत, नाहीतर छापू नयेत, एवढंच. इंग्रजीत, एक पान. दोनदाच लिहावं लागलं.

तुझी तिथली नोकरी राहील की जाईल, मला माहीत नाही. त्याचा विचार केलाच नाही असं खोटं लिहिणार नाही. चार दिवस केला. मग पत्र टाकलं.

आत्ता आई विचारते आहे, "सहदेवले लिवून राह्यली का? कवा येतो म्हनते?" तिला यातलं काही ठाऊक नाही. तिला काय सांगायचं ते तू तुझ्या हातानं लिहून पाठव. मी वाचून दाखवीन, एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही. आलास तर हे घर आहे, ताट वाढलेलं असेल. तुझ्याशी बोलेन की नाही, ते आज सांगता येत नाही.

तुझी ताई, असं लिहायला हात वळला होता. मुख्याध्यापकांच्या पत्राखाली जी सही केली तीच इथे करते.

सिंधू मोतीराम इंगळे