जावळाची पहिली बट

कोलपाया, बोलिव्हिया

कुमारी आनेके यांस,

आमच्या शाळेचे स्वयंपाकघर बांधण्यासाठी स्वयंसेवक म्हणून तुम्ही तीन आठवडे आला होतात. तुम्ही बांधलेली भिंत ओळंब्यात नाही, याहून अधिक मी तिच्याविषयी लिहिणार नाही. विषय एल्बाचा आहे. सातुर्निनाने आपल्या या लेकीचे जावळ तुमच्या हातून काढवले. पहिली बट कापून तुम्ही तिच्या धर्ममाता झालात. याचा अर्थ आई गेल्यास मूल तुमचे, हे मी आधीच समजावले होते. तुम्ही "किती गोड!" म्हणालात आणि फोटो काढून घेतलात.

गेल्या महिन्यात घाटात बस कोसळून सातुर्निना गेली. मुलीला ठेवून घ्या, असे सांगायला मी तिच्या मामाकडे, कासिमिरोकडे गेले.

"असं कसं, बाई? पोरीला धर्ममाता आहे ना, चांगली विमानातून आलेली! ती असताना आम्ही पोर ठेवली, तर गाव तोंडात शेण घालेल."

"मग मी होते धर्ममाता."

"जावळ काय दोनदा निघतं होय? शिकलेल्या ना तुम्ही?"

उद्याच्या ट्रकने एल्बा शहरातल्या अनाथाश्रमात जाईल. तुम्ही दिलेला लाल स्वेटर घालून ती दारोदार सांगत फिरते आहे, "मी माझ्या गोऱ्या आईकडे चालले!"

तुमचा पत्ता माझ्यापाशी आहे. हे वाचून तुम्ही रडाल, धावत याल, याविषयी मला शंका नाही. याल तीन आठवड्यांसाठी. म्हणूनच हे पत्र मी पाठवणार नाही.

एउलोखिया चोके
मुख्याध्यापिका