पलंगाखालच्या दोन विटा

मंगळवार, १२ नोव्हेंबर. लक्ष्मीबाई नगर, दिल्ली.

पायावरच्या फुगलेल्या निळ्या शिरा बघून शनिवारी डॉक्टर म्हणाले, "सोते वक़्त पैर ऊपर रखिए, मॅडम. पलंग के नीचे, पैरों की तरफ़ दो ईंटें, बस." बस! पलंग उचलायचा कोणी आणि विटा सरकवायच्या कोणी, हे काही त्यांनी लिहून दिलं नाही.

तीन दिवस त्या विटा कोपऱ्यात पाहुण्यांसारख्या अवघडून बसल्यात. मदत मागू कुणाकडे? इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात मी अख्ख्या कॉलनीची टर उडवलीय. खालच्या कुलकर्णीवहिनी सारख्या वाटी घेऊन साखर मागायला यायच्या, त्यावर तर दोन पानं. सगळे हसले. वहिनी त्यानंतर वर आल्या नाहीत.

आज पाय फारच ठणकले, तेव्हा गेले खाली. वहिनी लगेच वर आल्या. त्यांनी पलंग उचलला, मी विटा सरकवल्या.

"चहा टाकते ना, वहिनी."

"नको बाई. तुमच्याकडचा चहा पुढच्या अंकात छापून येतो."

वाक्य झकास होतं. दाद द्यावी म्हटलं, तोवर त्या जिना उतरल्याही.

आता पाय वर आहेत, ठणका कमी वाटतोय. उद्या वाटी घेऊन खाली जावं. साखर मागायला.

डबा भरलेला आहे. तरीही.