मस्कतला तीन माणसं

२२ फेब्रुवारी १९९८, रविवार

पापडी गावातलं लग्न वाजवून आलो. उपवासकाळाआधीचा शेवटचा रविवार, त्यामुळे सगळ्या वसईला आजच उरकायचं होतं! जेवताना नवरीच्या मामाने चौकशी केली — काय करतोस? म्हटलं, ड्रमर. "ते दिसलं रे. पण कामाला कुठे?" म्हटलं, वालीवला, पंपांच्या कंपनीत, स्टोअरला. मग कुठे त्याचा चेहरा खुलला. संध्याकाळभर घाम गाळत होतो तो काय माशा मारायला?

पण आज असल्या मामांना सगळं माफ. फेबियनने बातमी दिली — ईस्टरनंतर मस्कत! हॉटेलात सहा महिने, अख्खा बँड. फेबियन कीबोर्डवर, त्याची बहीण विनी गाणार, युजीनची गिटार, आणि मी. रोज वाजवायचं, तेच काम. नंतर बोटीवरसुद्धा नेतात म्हणे. मग विचारा, कामाला कुठे!

२५ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

कपाळाला राख लावून तसाच ड्युटीवर. आता ईस्टरपर्यंत आमच्यात लग्न नाही, म्हणजे बँड थंड. प्रल्हाद साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. स्टोअरला एक जागा पर्मनंट होतेय. "तुझं नाव पुढे करतो. पण लवकर सांग, वरून घाई आहे." तीन वर्षं ज्याच्यासाठी यांच्या मागेमागे फिरलो, ते आत्ता देतात! विचार करून सांगतो म्हटलं. करायचा काय विचार, कप्पाळ?

१ मार्च, रविवार

चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर सरळ फेबियनकडे. त्याने नवा कीबोर्ड घेतलाय, त्यात आपण वाजवलेला ठेका साठवून ठेवता येतो. म्हणाला, "तुझी सेकंड शिफ्ट असली की आमची प्रॅक्टिस बोंबलते. तू एकदा सगळे ठेके भरून ठेव ना यार. नाहीतरी उपवासकाळात काय करणार आहेस?" बरोबरच बोलला.

मग रबराच्या पॅडवर दुपारभर बसलो. वॉल्ट्झ, जाइव्ह, नवरा-नवरी हॉलमध्ये शिरतात तेव्हाचा, आपल्या गावच्या गाण्यांचा — काही सोडलं नाही. फेबियनला सगळं सरळसोट हवं होतं. मी ऐकलं नाही. माझी डाव्या हाताची काठी किंचित उशिरा पडते, त्यातच मजा आहे. ती तशीच घेतली. वाजवून दाखवल्यावर विनी म्हणाली, "अगदी तूच बसलायस असं वाटतं रे!"

खरंच तसं वाटत होतं. लय भारी वाटलं.

९ मार्च

प्रल्हाद साहेबांना नाही म्हणून सांगितलं. "मस्कतला? ड्रम वाजवायला?" दोनदा विचारलं. दोनदा हो म्हटलं.

२२ मार्च, रविवार

आईने अख्ख्या आळीत सांगून टाकलंय. बाजारात भाजीवालीलासुद्धा! मला मात्र विचारते, "सहा महिन्यांनी परत आलास की काय करशील?" म्हटलं, परत जाईन. मग म्हणाली, "तिकडे कोणी तुला जेवायला तरी बोलवेल काय?" हिचं सगळं जेवणापाशी येऊन अडतं.

५ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

हातात झावळी घेऊन चर्चमधून बाहेर पडत होतो. फेबियनने बाजूला घेतलं. म्हणे, हॉटेलवाले तीनच माणसांचा व्हिसा काढतायत. तिघांची खोली, तिघांची तिकिटं.

मी वेड्यासारखा विचारलं, मग युजीन नाही येत?

तर हा जमिनीकडे बघत म्हणतो, "गिटार मशीनमध्ये नाही ना रे. ड्रम आहेत."

माझे! माझेच ड्रम! मीच भरून दिले, चहा पीत पीत, शाबासकी घेत! डाव्या हाताच्या काठीसकट! जगात कुठला सुतार आपल्या जागी बसायला लाकडाचा सुतार करून देतो?

लोक बाजूने जात होते, सगळ्यांच्या हातात झावळ्या. ओरडता येईना. "चांगलं आहे," एवढंच बोललो. चांगलं आहे म्हणालो मी! स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

६ एप्रिल

विनी येऊन गेली. मी घरात नाही असं आईकडून सांगवलं. आईला खोटं बोलता येत नाही, ती म्हणाली, "तो घरात नाही, असं म्हणतोय."

१३ एप्रिल

ईस्टर झाला. काल एक घास गोड लागला नाही. आज लाज सोडून प्रल्हाद साहेबांकडे गेलो. जागा भरली. चंदनसारचा कौस्तुभ, वर्षभरापूर्वी आलेला पोरगा. त्याला नट-बोल्टचे खण मीच दाखवले होते! साहेब म्हणाले, "टेम्पररीत राहा की, तुला कोण काढतंय?" उपकार झाले.

१९ एप्रिल, रविवार

लग्नं पुन्हा सुरू. मावसभावाच्या लग्नाला फेबियनचाच बँड, तिघांचा. मी पाहुणा — टाय लावून, कागदी प्लेट घेऊन. नवरा-नवरी आत आले आणि माझा ठेका सुरू झाला. स्टेजवर स्टूल नाही, ड्रम नाहीत, कोणी नाही. एकालाही फरक पडला नाही. सगळे नाचत होते. एक माणूस विचारेल, ड्रमर कुठाय? एक! नाही.

वाईट हे की चांगलं वाजत होतं. मी असं चांगलं प्रत्यक्षात फार कमी वेळा वाजवलंय. आईने बाही ओढली, "चल, एक नाच तरी." नाचलो. करणार काय?

३० एप्रिल

गेले.

८ नोव्हेंबर, रविवार

विनी परत आली. खजूर घेऊन घरी आली होती. काहीतरी सांगायला लागली आणि मधेच थांबली, मग मीच बोलतं केलं. पहिल्याच आठवड्यात हॉटेलच्या मॅनेजरने फेबियनला विचारलं होतं, ड्रमर दिसत नाही, मग हे वाजवलंय कोणी? फेबियन गडबडला. सांगून बसला, "आमचा व्हॅलेरियन. वारला बिचारा." तेव्हापासून रोजचं शेवटचं गाणं माझ्या नावाने व्हायचं. सगळं हॉटेल उठून उभं राहायचं.

विचारलं, टाळ्या पडायच्या?

"खूप," म्हणाली.