सिद्धेश्वरीची आदरपूर्वक ओळख

४ जानेवारी
सोलापुरात चादरीच्या शोरूमचा मॅनेजर म्हणून सतरा वर्षं काढली, पण असा मान पहिल्यांदाच. काउंटरवर नवी विक्रेती सिद्धेश्वरी कामाला लागणार. ती ट्रान्सजेंडर असल्याचं तिनं शेठना विश्वासानं सांगितलंय. महिनाभर ट्रायल, विक्री झाली तर कायम. आमच्याकडून चूक नको म्हणून चनबसप्पाशेठनी मला ट्रेनिंगला पाठवलं. 'मूळची पुरुष' म्हणायचं नाही. 'जन्माच्या वेळी पुरुष अशी नोंद झालेली' म्हणायचं. लगेच पाठ! जेवणानंतर 'हे कधी बोलू नये' असं सेशन होतं. मला गरज नव्हती. घरी येऊन झोपलो.

६ जानेवारी
सिद्धेश्वरी आली. मराठी, कन्नड, तेलुगू, सगळं बोलते. पहिल्याच तासात सहा चादरी खपवल्या. मग मंगळवेढ्याच्या गिऱ्हाइकांना मी तिची ओळख करून दिली, ट्रेनिंगमधल्या पूर्ण वाक्यात. ते चादरी सोडून तिच्याकडंच बघत बसले. आदर, दुसरं काय!
ती म्हणाली, सर, हे सांगू नका की, याच्यापायीच मी दोन दुकानं सोडली. फार वाईट वाटलं. तिथं कुणाचं ट्रेनिंग झालेलं नसणार. उद्यापासून दुप्पट आदर.

९ जानेवारी
अकरा जणांना सांगितलं. सात न घेताच गेले. गड्ड्याची जत्रा तोंडावर आलीय, लोकांचं लक्ष नसतं.
सिद्धेश्वरी डबा एकटीच खाते. म्हणाली, माझीच तेवढी अशी ओळख कशाला? रास्त आहे. उपाय सापडला. समानता!

१० जानेवारी
करमाळ्याचे व्यापारी आले. मी म्हणालो, हे आमचे शेठ, जन्माच्या वेळी पुरुष अशी नोंद झालेले. शेठना चहाचा ठसका लागला. व्यापाऱ्यांनी विचारलं, मग आता काय झालं? ऑर्डर न देताच गेले. अडाणी.

१८ जानेवारी, सायंकाळ
आमच्याकडं हळदीकुंकू. बायकोनं, म्हणजे दानम्मानं, सिद्धेश्वरीलाही बोलावलं. मी दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकीची नोंद मोठ्यानं जाहीर केली. चौथ्या होत्या रिटायर्ड हेडबाई. त्यांनी विचारलं, तुमी जनगणनेला आलाय व्हय? दानम्मानं मला जिन्यावर नेऊन बसवलं.
आतून हसणं ऐकू येतंय. कुणीतरी माझी हुबेहूब नक्कल करतंय. आवाज सिद्धेश्वरीचा.

२० जानेवारी
शेठ म्हणाले, तुम्ही दारात नसता त्या दिवशी विक्री तिप्पट होते. महिना भरायच्या आतच सिद्धेश्वरी आजपासून कायम. मी कुंभारीच्या गोडाऊनला.
निघताना तिला विचारलं, मग योग्य शब्द कुठला? म्हणाली, 'ही सिद्धेश्वरी', एवढंच. लई सोपं हाय की, सर.
लिहून घेतलं.

२३ जानेवारी
गोडाऊनचा वॉचमन पंचाक्षरी प्रत्येक ट्रकवाल्याला माझी ओळख करून देतो: हे आमचे साहेब, हळदीकुंकवात जिन्यावर बसवलेले. ट्रकवाले खाली उतरून बघतात. आज त्याला हात जोडले. म्हटलं, नुसतं राजशेखर म्हण की बाबा.
म्हणाला, आदरानंच सांगतोय न्हवं, साहेब?