अपेक्षित उत्तर: दोन पंचमांश

सोमवार, ४ मार्च
शुक्रवारी बी.एड.चा वार्षिक पाठ. इयत्ता पाचवी, अपूर्णांकांची बेरीज. गेल्या वर्षी ह्याच पाठात नापास (फळा हलत होता). यंदाही गेलो तर कॉलेजातून नाव कमी. पण छे! प्रश्नच नाही. निश्चय: रोज एक तास आरशासमोर सराव.

मंगळवार, ५ मार्च
आरसा ताईने अडवला. ती शिक्षिका आहे ना, म्हणून तोरा! म्हणे, आरशाला काय शिकवतोस, आधी गणितं सोडव. जळते बहुधा.

बुधवार, ६ मार्च
युरेका! पाठाच्या टाचणात मुलांची ‘अपेक्षित उत्तरं’ लिहावीच लागतात. मग ती मुलांनाच आधी पाठ करायला दिली तर? चिठ्ठ्या वाटून मोकळा. एक उत्तर मुद्दाम चुकीचं: एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश. मग मी प्रेमाने म्हणणार, चूक, पण प्रयत्न छान! परीक्षक मॅडम गार! ते उत्तर पहिल्या बाकावरच्या वेणीवालीला दिलं. आवाज खणखणीत.

गुरुवार, ७ मार्च
वेणीवाली कुरकुरतेय. वर्गात पहिली येते, म्हणे चुकीचं का सांगू? समजूत काढली. तिने चिठ्ठी दप्तरात टाकली, म्हणजे पटलं. निम्मा गड सर. शर्टाला इस्त्री.

शुक्रवार, ८ मार्च, दुपारी १२
काय सांगू! मॅडम मागच्या बाकावर. वेणीवाली उठली आणि म्हणाली, पाच षष्ठांश. मी ठरल्याप्रमाणे प्रेमाने म्हणालो, चूक, पण प्रयत्न छान. ती म्हणाली, बरोबरच आहे. मी म्हणालो, टाचणात तसं नाहीये. वर्ग खदाखदा हसला. मग तिने कागदाच्या पट्टीला घड्या घालून सहा भाग केले, फळ्याशी जाऊन सगळ्यांना पटवलं. टाळ्या! मॅडमनीही वाजवल्या. खडू मीच पुरवला. ह्यालाच विद्यार्थीकेंद्रित अध्यापन म्हणतात. पास!! ताईला आता तोंड दाखवायला जागा नाही.

शनिवार, ९ मार्च
मॅडमचा शेरा: ‘पाठ उत्कृष्ट. प्रशिक्षणार्थींचा मात्र अजून पाहायचा आहे.’ मंगळवारी पुन्हा, शेवटची संधी. तोच वर्ग, तोच विषय, चिठ्ठ्या बंद. सहज म्हणून ताईला विचारलं, ते पाच आले कुठून? ती हसून हसून खुर्चीतच बसली. म्हणाली, जिला कळलंय तिलाच जाऊन विचार.

सोमवार, ११ मार्च
विचारलं. वेणीवाली म्हणाली, मधल्या सुट्टीत शिकवीन, पण आधी दहापर्यंतचे पाढे पाठ करून या.
सहापर्यंत झालेत.